भोरड्यांची पंगत

हिवाळ्यात गुंजेवाडीच्या आभाळात एकसुद्धा भोरडी दिसत नाही, ही गोष्ट महानंदा बिराजदार आल्यागेल्याला चहाच्या आधी सांगायची. मग त्याला दूध संघाच्या गच्चीवर न्यायची आणि आभाळ दाखवायची. नेमकं काय बघायचं ते पाहुण्याला कळायचं नाही.

"तेच तर," महानंदा म्हणायची. "काय बी न्हाई. हे काय बी न्हाई आमच्या लेकीनं केलंय."

महानंदा संघाची अध्यक्ष. बाई अंगानं किरकोळ, पण आवाज असा की गोठ्याच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाची गाय कान टवकारायची. गाव तिला अध्यक्षीणबाई म्हणायचं. ते आपल्याला मुळीच आवडत नाही असं ती सांगायची, आणि साफ खोटं सांगायची.

गुंजेवाडी हे मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातलं गाव. एके काळी इथं नजर पोचेल तिथवर ज्वारी डुलायची. मग दुधाला दिवस आले. ज्वारीच्या रानात मुरघासाचा, म्हणजे मुरवून ठेवायच्या हिरव्या चाऱ्याचा, मका आला आणि घरोघरी मोठाले गोठे उभे राहिले. भोरड्या मात्र जुन्याच पाहुण्या. काळं डोकं, गुलाबी अंग, मैनेच्या भावकीतल्या. दर हिवाळ्यात त्या हिमालयापलीकडून थव्याथव्यानं यायच्या. त्यांना ज्वारी दिसेना, तेव्हा त्या सरळ गव्हाणीत उतरल्या. मक्याचा भरडा आयता मिळत असेल तर कोण सोडतं? खाता खाता त्या तिथंच विष्ठा टाकायच्या, आणि त्या विष्ठेतून कासताप आला.

कासताप म्हणजे पाखरांच्या तापाचाच नवा अवतार. पाणपाखरांतला विषाणू भोरडीत शिरला, भोरडीतून गाईत गेला आणि गाईच्या कासेत त्यानं बिऱ्हाड थाटलं. गाय लगेच मरत नाही. तिचं दूध पिवळं, घट्ट होतं आणि धारा काढायच्या यंत्राच्या कपांतून एकीचा रोग साऱ्या गोठ्याला लागतो. मग त्या गोठ्याचं दूध हंगामभर ओतून द्यायचं, आणि ज्या गाई सुधारत नाहीत त्यांच्यासाठी खड्डा खणायचा. गुंजेवाडीनं असे खड्डे खणले होते. त्या दिवसांत गावात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

महानंदाची एकुलती एक लेक अक्षता तेव्हा सोलापुरात यंत्रांचं शिक्षण घेत होती. सुट्टीत घरी आली तेव्हा ती दिवसभर गच्चीवर उताणी पडून थवे बघत राहायची. शेजारपाजारच्यांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. एका सकाळी ती खाली आली आणि भाकऱ्या थापणाऱ्या आईला म्हणाली, "अव्वा, पंगतीतनं आपण कवा उठतो?"

"पोट भरल्यावर."

"खोटं. तुझं पोट कवाच भरलेलं असतंय. शेजारच्या बाया उठल्या की तू उठतीस."

"मग? एकटीच उठू? बरं दिसतंय व्हय?"

"भोरडी बी तेच करती."

हजारो पाखरं एका झटक्यात वळतात, त्यांना हुकूम कोण देतं? तर कोणीच नाही. प्रत्येक भोरडी आपल्या जवळच्या सहा-सात शेजारणींवर नजर ठेवून असते. त्या वळल्या की ही वळते, हिच्याकडे बघून पलीकडच्या वळतात, आणि बघता बघता वळण साऱ्या थव्यातून सरकत जातं. हे शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं. अक्षतानं पुढचा प्रश्न विचारला. त्या सातांतली एक शेजारीण आपली असली तर?

तिनं यंत्राची भोरडी केली. वजनाला, रंगाला, पंखांच्या फडफडीला हुबेहूब. घाबरवणं हे तिचं काम नव्हतं, कारण घाबरून उडालेली पाखरं दुसऱ्या दिवशी हजर असतात. ही थव्यात शिरायची, शेजारीण होऊन उडत राहायची, आणि इतरांपेक्षा किंचित आधी वळायची. बस. अशा काही डझन सोडल्या की अख्खा थवा आपल्याच मर्जीनं निघाल्यासारखा गावावरून निघून जायचा. गावानं त्या यंत्राला नाव दिलं म्होरकी.

पहिल्याच हिवाळ्यात गव्हाणी लख्ख झाल्या. कासताप गावात फिरकला नाही. संघाच्या कचेरीत अक्षताचा फोटो लागला. कोणीतरी उत्साहाच्या भरात त्याला हारही घातला, तो महानंदानं आरडाओरडा करून काढायला लावला. "जिती हाय माझी लेक!" ती म्हणाली, आणि मग त्याच फोटोखाली उभी राहून तिनं चार वेळा स्वतःचा फोटो काढून घेतला. तिची छाती अभिमानानं फुगली होती, आणि का फुगू नये?

पाखरं गेली कुठं, हे मात्र कोणी विचारलं नाही.

गुंजेवाडीचं बघून वरच्या गावानं म्होरकी घेतली, मग खालच्यानं. प्रत्येक गाव थवा आपल्या शिवेबाहेर काढून मोकळं व्हायचं. गुंजेवाडी तो पूर्वेला काढायची. पूर्वेला पाटकुळी. आणि दोन वर्षांपूर्वी अक्षताचं लग्न झालं ते पाटकुळीतच, विरुपाक्ष नावाच्या गोठेवाल्याशी. गावातल्या टवाळांना विषयच मिळाला. अध्यक्षीणबाईंच्या रुखवतात काही राहिलं असेल तर त्या रोज सकाळी आभाळातून धाडतात, असं ते म्हणायचे.

पाटकुळीत म्होरकी उडत नव्हती. म्होरकी जिनं केली तीच तिथली सून, पण ती उडवू देत नव्हती. आमच्या पलीकडंही माणसंच राहतात, एवढंच ती म्हणायची.

येळवस चार दिवसांवर आली असताना अक्षताचा फोन आला.

"अव्वा, थव्यात कासताप शिरलाय. मी विष्ठा तपासली."

"बरं झालं सांगितलंस. उद्यापास्नं दोनदा उडवतो म्होरकी."

"उडवू नगंस म्हणून फोन केलाय." अक्षतानं आवाज शांत ठेवला होता. "पाखरू निवांत असलं, पोटाला असलं, तर त्याचं अंगच हा रोग निपटून काढतंय. दीडएक महिन्यात थवा साफ होतोय. पण ह्या गावातनं त्या गावात पळवलं, उपाशी ठेवलं, तर त्याच्या अंगात जोर राहत न्हाई. रोग बळावतोय, विष्ठेतनं दुप्पट बाहेर पडतोय. आपण पाखरं न्हाई हाकलत. रोग पेरत चाललोय."

"मी अध्यक्ष हाय, अक्षता. गावच्या गाईंचं काय सांगू लोकांस्नी?"

"आणि माझ्या?"

महानंदानं रेंज गेल्याचं सांगून फोन ठेवला.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, या भागातला मोठा सण. त्या दिवशी सारं गाव रानात जेवतं आणि लेकी-जावयांना आवतण असतंच. ते द्यायला आदल्या सकाळी महानंदा पाटकुळीला गेली. पाण्याची बाटली घरून भरून घेतली होती. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही ही तिच्या माहेरची रीत. गावातल्या बाकी बायांनी ती केव्हाच सोडली होती. महानंदा मात्र ती पाळायची आणि पाळते हे चारचौघांत सांगायचीही.

गोठ्याचं फाटक बंद होतं. उंबऱ्याशी चुन्याचा पट्टा मारलेला होता, साऱ्या गव्हाणींवर जाळ्या ताणलेल्या होत्या. तोंडाला कापड बांधून अक्षता बाहेर आली. वाळली होती पोरगी.

"आत येऊ नगं, अव्वा. गाई अजून साफ हायती, तशाच राखायच्यात. हितनंच बोलू."

आणि तेवढ्यात थवा आला. गुंजेवाडीच्या म्होरक्या त्याला पूर्वेला रेटत होत्या. समोरून दक्षिणेच्या गावानं आपल्या म्होरक्या उडवल्या होत्या. दोन्हीकडच्या शेजारणी दोन दिशांना वळल्या आणि थवा मधोमध फाटला. कडेची पाखरं गेली त्यांच्या मागे. मधल्यांना कोणाचं ऐकावं ते कळेना. ती गरगरत राहिली, एकमेकांवर आदळली. त्यातली एक भोरडी महानंदाच्या चपलेजवळ येऊन पडली. तिची चोच उघडी होती, छाती भात्यासारखी हलत होती. अक्षतानं हातमोज्यानं तिला उचललं.

"काय वजनच उरलं न्हाई हिला," ती म्हणाली. मग आपल्याच हातांकडे बघत राहिली. "हे मी केलंय, अव्वा. माझ्याच हातानं."

महानंदाला राग आला. आपल्या लेकीनं आपल्याच हातांकडे असं बघावं, हे तिला सोसवेना.

"गप," ती म्हणाली. "तू वाट दावणारी केलीस. हाकलाय आमी लावली. काय पाहिजे तुला, त्ये सांग."

काय पाहिजे ते अक्षतानं सांगितलं. गोठ्यांपासून लांब एक रान, त्यात उभा दाणा, जवळ पाणी, आणि दीड महिन्याची शांतता. म्होरकी हवी, पण थव्याला रोज परत आणून त्याच रानात उतरवण्यासाठी. तिनं साऱ्या गावांना विचारून पाहिलं होतं. सगळीकडे मका कापून मुरघास भरलेला. उभा दाणा कोणाकडे नव्हता, आणि असता तरी आजारी पाखरं कोण बोलावणार?

उभा दाणा फक्त एका रानात होता, हे दोघींनाही माहीत होतं. तळ्याकाठची महानंदाची मालदांडी ज्वारी. गावात ज्वारी पेरणारी ती एकटी उरली होती. तिच्या रानातली भाकरी पानात पडल्याशिवाय गुंजेवाडीत लग्न लागलं असं कोणी म्हणत नसे. त्या कणसांना ती पोटच्या पोरासारखी जपायची. अक्षतानं त्या रानाचं नाव काढलं नाही. तीही बिराजदारांचीच लेक, मागणं तिच्या रक्तात नव्हतं.

"उद्या येळवशीला ये," एवढं बोलून महानंदा परत निघाली. वाटभर तिनं बाटलीतल्या पाण्याचा घोटही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या रानात कडब्याची खोप उभारली, पाच दगडांचे पांडव मांडले, त्यांना चुना लावला. शिवमूर्तीनं, म्हणजे महानंदाच्या नवऱ्यानं, रानाच्या चारी कडांनी आंबील शिंपडलं. शिवमूर्ती हा अबोल गडी. बायको दोघांपुरतं बोलते, मग मी कशाला तोंड वाजवू, हे त्याचं धोरण. संघाची मंडळी आली, आया-बाया आल्या. अक्षता आणि विरुपाक्ष आले. शेंगा-पालेभाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे, दह्यातला भात असं सगळं पानात पडलं. रस्त्यानं जाणाऱ्या दोघा अनोळखी मोटरसायकलवाल्यांनाही हाक मारून बसवलं. येळवशीला रानाजवळून कोणी उपाशी जाऊ द्यायचा नाही, असा इथला दंडक आहे.

पंगत अर्ध्यावर आली तेव्हा महानंदा उभी राहिली.

"उद्यापास्नं म्होरकी उलटी उडणार. भोरड्या ह्या रानात उतरवायच्या. दीड महिना."

घास तोंडात ठेवूनच माणसं थांबली. चनबसू चटकन बोलला. त्याचा गोठा गावात सगळ्यात मोठा, आणि जुन्या साथीत सगळ्यात मोठा खड्डाही त्याच्याच दारात खणला गेला होता. "अध्यक्षीणबाई, थव्यात कासताप हाय म्हणं. आणि तुमी त्यास्नी गावच्या शिवेत आवतण देताय?"

"देतीय. गोठे हितनं लांब हायती, फक्त माझाच जवळ हाय. माझ्या गाई तपासून घेऊन पाटकुळीला धाडतीय. तुमी गव्हाणीवर जाळ्या ताणा. हाकलून हाकलून रोग वाढतोय, घटत न्हाई. आज न्हाई तर पुढच्या महिन्यात त्यो आपल्याच दारात फिरून येणार."

"लेकीच्या सासरचं वाचवाय आमच्या गाई टांगताय!"

"व्हय, लेकीचं बी वाचवतीय!" महानंदाचा आवाज तळ्यापलीकडे गेला. "त्यात लाजायचं काय? आज रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून जेवाय बसवलं आपण. आणि ह्याच सकाळी आभाळ साफ दिसावं म्हणून म्होरकी उडवली. हिमालयावरनं आलेलं पाखरू आपल्या रानावरनं उपाशी गेलं, येळवशीच्या दिशी. असली आपली येळवस?"

चनबसू ताटावरून उठला. पंगतीतून कोणी असं मधेच उठलं की बाकीच्यांची चुळबुळ सुरू होते. दोघेतिघे शेजारच्याकडे बघू लागले, शेजारचे त्यांच्या शेजारच्याकडे. एकाचा हात पाण्याच्या तांब्याकडे गेलाही.

तेव्हा शिवमूर्तीनं आपलं ताट पुढे सरकवलं.

"भज्जी वाढ गं आणखी," तो म्हणाला आणि मांडी नीट घालून बसला.

महानंदानं वाढलं. शिवमूर्ती शांतपणे जेवू लागला. त्याच्या शेजारच्यानं ते पाहिलं आणि उंडा मोडला. मग त्याच्या शेजारच्यानं. बघता बघता साऱ्या पंगतीचे हात पुन्हा ताटात गेले. चनबसू थोडा वेळ एकटाच उभा राहिला, मग पुटपुटत खाली बसला. दूरवर बसलेल्या अक्षतानं विरुपाक्षाला कोपरानं ढोसलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "बघितलंस?" ती म्हणाली. "आप्पांनी म्होरकीचं काम केलं."

थवा दुसऱ्या दिवशी उतरला. एवढी ज्वारी एका जागी बघून पाखरं आधी वर घिरट्या घालत राहिली, मग एकदम खाली कोसळली, आणि रानाचा रंग काळा-गुलाबी झाला. महानंदा राखणीच्या माळ्यावर बसून बघत होती. हंगामभर जपलेली कणसं डोळ्यांदेखत रिकामी होत होती, आणि तिचा जीव तीळतीळ तुटत होता. "खावा," ती पुटपुटली. "असली मालदांडी तुमच्या मुलखात मिळायची न्हाई."

माणसं पाखरांपासून रान राखतात, अध्यक्षीणबाई पाखरंच राखत बसल्या, असं गाव हसायचं. ती खरोखरच राखायची. कुत्री हाकलायची, मोटारींना भोंगा वाजवू द्यायची नाही. अक्षता अधूनमधून यायची, विष्ठेचे नमुने न्यायची. रोग आधी तसाच राहिला, मग जरासा उतरला, मग झपाट्यानं उतरू लागला. रिकाम्या पोटी फिरताना फिकी पडलेली पाखरं आता गुबगुबीत, गुलाबी दिसू लागली. मधे ज्वारी संपत आली तेव्हा चनबसू दाण्याची पोती घेऊन आला आणि बांधावर आदळून म्हणाला, "माझ्या गाईंसाठी आणलीत. तुमच्यासाठी न्हाई." मग त्याच बांधावर बसून त्यानं तासभर पाखरं बघितली.

महानंदाला खरा घोर होता तो चांदणीचा. चांदणी तिची लाडकी गाय, गाभण. पाटकुळीला धाडताना तपासणीत साफ निघाली होती, पण रोग अंगात दडूनही राहतो. ती व्याल्यावर चीक कसा येतो यावर सगळं होतं. तो साफ निघाला तर महानंदानं लेकीच्या गोठ्यात गाई धाडल्या. नाहीतर तिनं लेकीच्या गोठ्यात रोग धाडला.

फाल्गुनात एका सकाळी अक्षताचा फोन आला. "अव्वा, ये."

महानंदा पोचली तेव्हा फाटक सताड उघडं होतं. चुन्याचा पट्टा पुसला गेला होता. आत चांदणी कालवडीला चाटत उभी होती. ओसरीवर अक्षता, विरुपाक्ष आणि गावचे चारसहा जण बसले होते. अक्षताच्या हातात ताटली होती, तिच्यात खरवसाच्या वड्या.

"चीक तपासला," ती म्हणाली. "साफ हाय. थवा बी साफ हाय. तुझ्या रानातनं एक बी पाखरू रोग घेऊन जाणार न्हाई, अव्वा."

महानंदानं कालवडीकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं. तिची बाटली पिशवीतच होती. विरुपाक्ष चटकन म्हणाला, "राहू द्या, मामी. तुमची रीत ठाऊक हाय आमाला. बांधून देतो, घरी जाऊन खावा."

"कशाला?" महानंदानं पदर खोचला आणि ओसरीवर ऐसपैस बसली. "लेकीच्या घरात जन्म झाला की पाणी चालतंय, अशी रीत हाय. जन्म झालाय की! माणसाचाच पाहिजे असं माझ्या आज्जीनं कवा सांगितलं न्हाई."

तिनं वडी तोंडात टाकली. डोळे मिटले. दोन वर्षांत लेकीच्या घरचा हा पहिला घास.

"पुढल्या वर्सी पाखरं आमच्याकडं उतरवायची," ओसरीवरचा एक म्हातारा म्हणाला. "आमी ज्वारी पेरणार हाय."

"वरच्या गावानं बी मागणी घातलीय," विरुपाक्ष म्हणाला.

"आळीपाळीनं उतरवा," महानंदा म्हणाली. "पण पयला मान गुंजेवाडीचा. त्यो लिहून ठेवा कुठंतरी."

तेवढ्यात आभाळ भरून आलं. भोरड्या परत निघाल्या होत्या. थवा पाटकुळीवरून उत्तरेला चालला होता, एका अंगानं वळत, दुसऱ्या अंगानं पसरत. त्यात एकही यंत्र नव्हतं. रस्त्यावर एक ट्रकवाला गाडी थांबवून खाली उतरला आणि मान वर करून बघत राहिला.

"कुणाची पाखरं म्हणायची ही एवढी?" त्यानं विचारलं.

महानंदा उठून उभी राहिली. तोंडातला खरवस तिनं आधी नीट संपवला.

"आमची," ती म्हणाली. "माझ्या रानात जेवून निघालीत."